डोनेगॉलच्या एका घरातील आवाज

१९८२ सालच्या नोव्हेंबर महिन्यात ब्रिटनमधील सर्वाधिक खपाच्या गीतांच्या यादीत एक गीत पाचव्या क्रमांकावर जाऊन पोहोचले. ते विकत घेणाऱ्या बहुसंख्य श्रोत्यांना त्यातील एकाही शब्दाचा अर्थ कळत नव्हता. बेलफास्टमधील अशांततेवर आधारलेल्या ‘हॅरीज गेम’ ह्या दूरचित्रवाणी-मालिकेसाठी ते रचलेले होते आणि त्याची भाषा आयरिश होती. ह्या भाषेतील कोणतेही गीत त्यापूर्वी त्या यादीत इतक्या वर चढले नव्हते. गाणारा मेळा होता ‘क्लॅनड’: दोन भाऊ, त्यांची बहीण व त्यांचे दोन मामा.

त्या गीताचा ठसा श्रोत्यांच्या मनावर असा काही उमटला, की तेव्हापासून ह्या मेळ्याविषयी लिहिताना धुके, प्राचीन दगडी वर्तुळे, शतकांपूर्वीचे आयर्लंड असलीच वर्णने लेखणीतून उतरू लागली. वास्तविक ज्या आवाजाला लोकांनी इतके प्राचीन मानले, तो एका विसाव्या शतकातील घरात, शाळेत, चर्चमध्ये, नाचाच्या दिवाणखान्यात आणि रेडिओच्या शेजारी तयार झालेला होता. त्या घराची माहिती वाचकांना करून द्यावी, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे. धुक्यापेक्षा ती अधिक मनोरंजक आहे, असे आम्हांस वाटते.

आयर्लंडच्या नकाशात अगदी वरच्या डाव्या कोपऱ्यात डोनेगॉल परगणा आहे. तो आयर्लंडच्या प्रजासत्ताकात मोडतो. पण उत्तर आयर्लंडची सीमा त्याला अशी काही बिलगून गेली आहे, की देशाच्या उर्वरित भागाशी तो जेमतेम एका चिंचोळ्या पट्टीने जोडलेला दिसतो. ह्या परगण्याच्या पश्चिम किनाऱ्यावर ग्वीडोर नावाची वस्ती पसरलेली आहे. एका बाजूस अटलांटिक महासागर, दुसऱ्या बाजूस ७५१ मीटर उंचीचा एरिगल पर्वत, आणि मध्ये खडकाळ, दलदलीची जमीन. येथील लोक घरात आयरिश बोलतात. अशा आयरिशभाषी भागांना ‘गेलटाख्ट’ अशी संज्ञा आहे.

आयरिश ही तेथील राज्यघटनेप्रमाणे पहिली राजभाषा आहे आणि शाळांतून ती सर्व मुलांना शिकवितात, हे वाचून आपला असा समज होईल, की तिची स्थिती उत्तम असावी. परंतु १८४५ सालापासूनच्या भीषण दुष्काळात आयरिश बोलणारा गरीब शेतकरी सर्वांत अधिक मेला व देशोधडीला लागला. आणि जे मागे राहिले त्यांनी मुलांच्या पोटापाण्यासाठी इंग्रजी जवळ केली. २०२२ सालच्या शिरगणतीत ही भाषा येते असे सांगणारे अठरा लक्षांहून अधिक निघाले. मात्र शाळेबाहेर तिचा रोजच्या रोज वापर करणारे केवळ सुमारे ७२,००० होते. क्लॅनडच्या गायकांची मायबोली ह्या बहात्तर हजारांची भाषा होय. आयरिशमध्ये गाणे हा त्यांच्या दृष्टीने काही बाणा नव्हता. आईने ज्या भाषेत हाक मारली त्या भाषेतच ती गात होती. तथापि बाहेरच्या जगात पाऊल टाकताच तो बाणा ठरणार होता.

आता त्या घराकडे वळू. ह्या भावंडांच्या आईचे वडील डोर गावातील प्राथमिक शाळेचे मुख्याध्यापक होते व आजीही तेथेच शिक्षिका होती. आजोबांनी ग्वीडोरची नाटकमंडळी स्थापन केली होती. आई, मॉइरे डुगन, माहेरच्या माणसांत ‘बाबा’ ह्या लाडक्या नावाने ओळखल्या जात (आमच्या वाचकांना हे नाव गमतीचे वाटेल, पण ते तेथे स्त्रीचेच आहे). त्या शाळेत संगीत शिकवीत आणि डेरीबेगच्या चर्चमधील गायकवृंद चालवीत. वडील लिओ ब्रेनन हे ‘स्लीव्ह फॉय’ नावाच्या बँडचे प्रमुख. त्या काळी आयर्लंडच्या गावोगावी नाचाचे कार्यक्रम होत व अशा बँडना रात्रभर वाजवावे लागे. लोकांची पावले थांबू नयेत म्हणून जुन्या चालींपासून अमेरिकेत नुकत्याच गाजलेल्या गाण्यापर्यंत जे जे मागितले जाईल ते ते त्यांना येणे भाग असे. १९६८ साली लिओ ब्रेनन ह्यांनी मीनलेक येथे ‘लिओज टॅव्हर्न’ हा पब उघडला. पब म्हटल्यावर आपल्याकडील वाचकाने भुवया उंचावण्याचे कारण नाही. आयर्लंडच्या खेड्यात ती गावकऱ्यांची संध्याकाळची बैठक असते. म्हातारेकोतारे, पोरेबाळे, पाहुणे सारे तेथे जमतात आणि कोणी ना कोणी गाऊ लागतो.

ह्या दांपत्याला नऊ मुले. थोरली मॉइरे, जी पुढे मोया ब्रेनन ह्या नावाने प्रसिद्ध झाली, तिचा जन्म १९५२ सालचा. तिच्या पाठचा किअरान, आणि पुढे पोल. आईचे जुळे भाऊ नोएल व पाड्रिग हे १९४९ साली जन्मलेले, म्हणजे भाचीहून अवघ्या तीन-साडेतीन वर्षांनी मोठे. मामा आणि भाचरे एकाच वयाची असल्यामुळे पबमध्ये वडिलांच्या सोबत ही पाच जणे गाऊ-वाजवू लागली, ते बरोबरीच्या नात्याने. १९७० साली त्यांनी मेळ्याला नाव दिले ‘क्लान अस डोर’. ‘क्लान’ ह्या आयरिश शब्दाचे भाषांतर करताना आम्ही थोडे घुटमळलो. इंग्रजीतून तो टोळी वा कुळी ह्या अर्थाने येतो, पण मूळ आयरिशमध्ये त्याचा साधा अर्थ लेकरे, कुटुंब असा आहे. ‘डोर गावचे कुटुंब’ एवढेच त्या नावात आहे. तेच पुढे आटून ‘क्लॅनड’ झाले.

त्यांच्या गाण्याचे मूळ द्रव्य म्हणजे ‘शान-नोस’. ह्याचा शब्दशः अर्थ ‘जुनी रीत’. ह्या रीतीत एकच माणूस गातो, साथीला वाद्य नसते, तालाची सक्ती नसते. शब्दांच्या वजनाप्रमाणे ओळ लांबते वा आखडते, आणि गायक आपल्या मनाप्रमाणे तिच्यात बारीक हरकती घालतो; पुढच्या कडव्यात त्याच जागी त्याच हरकती येतीलच असे नाही. डोनेगॉलमध्ये ह्या हरकती दक्षिणेकडील कॉनेमाराच्या मानाने कमी, गाणे अधिक सरळ. महत्त्वाची गोष्ट अशी, की ही रीत सर्वस्वी एकेरी सुराची आहे. निरनिराळ्या पट्टींतील सूर एकाच वेळी लावून त्यांचा मेळ साधणे, ज्याला पाश्चात्त्य संगीतात हार्मनी म्हणतात, तिला येथे स्थान नाही. एका सुराच्या वळणांतच सारे सौंदर्य पाहण्याची सवय असलेल्या भारतीय श्रोत्याला शान-नोस कदाचित शेजारच्या इंग्रज श्रोत्यापेक्षाही लवकर उमगेल.

मग क्लॅनडच्या गाण्यातील तो सुप्रसिद्ध स्वरमेळ, ज्याला जगाने प्राचीन म्हटले, तो आला कोठून? तो आला आईच्या चर्चमधून. रविवारच्या प्रार्थनेसाठी आईच्या हाताखाली गाताना ह्या मुलांनी आपला सूर दुसऱ्याच्या सुराला लावून धरण्याचे शिक्षण घेतले. तो आला रेडिओतून व वडिलांच्या बँडमधूनही; १९६० नंतरच्या दशकात वाढलेल्या ह्या मुलांच्या कानांवर बीटल्स आणि बीच बॉइज ह्यांचे एकमेकांत गुंफलेले आवाज सतत पडत होते. किअरान ब्रेनन ह्याने हाती घेतले ते डबल बेस, जाझच्या वाद्यमेळातील ते माणसाएवढे उंच खर्जाचे वाद्य. मोया डब्लिनला रॉयल आयरिश अकादमी ऑफ म्यूझिकमध्ये हार्प, पियानो व गायन शिकून आली आणि काही काळ तिने शाळेत संगीत शिकविण्याचे कामही केले. मामांची गिटार व मँडोलिन, पोलची बासरी. अशा सामग्रीवर त्यांनी परगण्यातील वृद्ध माणसांकडून मिळविलेली जुनी गाणी बसविण्यास आरंभ केला. जुन्या रीतीचा काटेकोर अर्थ लावणाऱ्याला हे सारे भ्रष्ट वाटावे, असेच होते.

लेटरकेनी येथील लोकसंगीत महोत्सवात त्यांनी पहिले बक्षीस मिळविले. पहिली ध्वनिमुद्रिका १९७३ साली निघाली. आयरिश भाषेत गाऊन तुम्ही कोठेही पोहोचणार नाही, हा उपदेश त्यांना ह्या काळात पुष्कळांनी केला. त्याला दुष्टपणा म्हणता येणार नाही. तो बाजाराचा हिशेब होता आणि वरवर पाहता बरोबरही होता. खुद्द आयर्लंडमध्ये आयरिश गाणे म्हणजे शाळेत सक्तीने पाठ करावयाची वस्तू, अशी अनेक शहरी तरुणांची भावना होती. मेळ्याने इंग्रजी गाणी वर्ज्य केली नाहीत. पण आयरिश सोडलीही नाही. १९७५ साली जर्मनीतील दौऱ्यात श्रोत्यांनी त्यांना उचलून धरले, तेव्हा कोठे गाण्यावरच पोट भरण्याचा निर्णय झाला. ज्यांना आयरिशही येत नव्हती व तिचा शालेय कंटाळाही नव्हता, अशा परक्या लोकांनी ही भाषा प्रथम केवळ गाणे म्हणून ऐकली, हा योग लक्षात घेण्याजोगा आहे.

१९७६ सालची ‘डूलामान’ ही ध्वनिमुद्रिका आमच्या मते त्यांच्या आरंभीच्या कामात सर्वोत्तम. डूलामान हे समुद्रकाठच्या खडकांवर उगवणाऱ्या एका शेवाळाचे नाव. गाणे जुने आहे, पण डबल बेसची चाल त्याला जो झोका देते तो पूर्णपणे नवा आहे.

१९८० साली सहावे अपत्य, एन्या, मेळ्यात आली. तिची तयारी थोरल्या भावंडांहून निराळी होती. आजोबांनी खर्च सोसून तिला मिलफर्ड येथे जोगिणींच्या निवासी शाळेत ठेवले होते. तेथे तिने पियानोवर अभिजात पाश्चात्त्य संगीताचा अभ्यास केला, लॅटिन शिकली, जलरंगांत चित्रे काढली. दोन वर्षांनी, १९८२ मध्ये, ती बाहेर पडली व स्वतंत्रपणे गाऊ लागली. १९८८ साली ‘ओरिनोको फ्लो’ ह्या गीताने तिचे नाव जगभर झाले. एकाच गळ्याचे अनेक थर एकावर एक मुद्रित करून गायकवृंदाचा भास उत्पन्न करणे, हे तिच्या संगीताचे मुख्य लक्षण होय. आईच्या वृंदात इतर मुलांच्या आवाजात आपला आवाज मिसळणारी मुलगी पुढे ध्वनिमुद्रणाच्या खोलीत एकटीच सारा वृंद झाली, असे म्हणता येईल.

एन्या निघून गेली त्याच वर्षी ‘हॅरीज गेम’ आले. पोल व किअरान ह्या बंधूंनी ते रचले. सर्व काही नश्वर आहे, अशा आशयाचे एक जुने आयरिश वचन त्यांनी घेतले आणि धृपदासाठी अर्थहीन अक्षरे, जशी लोकगीतांत केवळ तोंडाने ताल धरण्यासाठी असतात. शान-नोसचा सरळ सूर, चर्चमधील वृंदाचा मेळ, आणि खाली सिंथेसायझर ह्या विजेवरील वाद्याचा लांबवर पसरलेला नाद. जगाला ह्यात प्राचीन आयर्लंड ऐकू आले. त्यात त्या घरातला प्रत्येक जण होता, पबच्या गल्ल्यावरचे वडीलसुद्धा.

पुढील इतिहास थोडक्यात सांगता येईल. १९८४ च्या ‘रॉबिन ऑफ शेरवुड’ ह्या दूरचित्रवाणी-मालिकेच्या संगीतासाठी त्यांना ब्रिटनचे बाफ्टा पारितोषिक मिळाले. १९८५ च्या ध्वनिमुद्रिकेत ‘यू-टू’ ह्या मेळ्याचा बोनो मोयासोबत गायिला. १९९९ साली ‘लँडमार्क्स’ ला अमेरिकेचा ग्रॅमी पुरस्कार लाभला. इंग्रजी गीतांचे प्रमाण ह्या काळात पुष्कळ वाढले. त्यांतील काही गुळगुळीत आहेत, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. मोयाचा आवाज इंग्रजीत सुंदर लागतो, पण आयरिशमध्ये तो शब्दांवर जसा विसावतो तसा तेथे विसावत नाही. आणि यादीत पाचवा क्रमांक मिळाला म्हणून घराघरांत आयरिश परत आली, असेही झाले नाही; वर दिलेला आकडा त्यानंतरच्या चाळीस वर्षांनीचा आहे.

लिओ ब्रेनन २०१६ च्या जूनमध्ये वारले आणि ऑगस्टमध्ये पाड्रिग. २०२० साली उरलेल्यांनी निरोपाचा दौरा आरंभिला, तो कोविडच्या साथीने खंडित झाला. २०२२ मध्ये दुसरे मामा नोएल हेही गेले.

ह्या ध्वनिमुद्रिका आता घरबसल्या ऐकावयास मिळतात. ज्यांना उत्सुकता असेल त्यांनी ‘हॅरीज गेम’ पासून आरंभ करू नये. आधी ‘डूलामान’ ऐकावे, आणि दुसऱ्यांदा ऐकताना गायिकेकडे लक्ष न देता तळाशी चाललेल्या डबल बेसकडे द्यावे.