गुणवत्ता हमी, विद्यापीठीय शिक्षणक्रमांची

पदवी व पदव्युत्तर स्तरांवरील अध्यापनप्रधान शिक्षणक्रम ठरलेल्या शैक्षणिक दर्जास उतरतात की नाही, हे पाहण्यासाठी आणि आढळलेल्या उणिवा दूर करण्यासाठी असलेली नियमबद्ध व्यवस्था. संशोधनपदवीचा दर्जा मुख्यतः प्रबंधावरून ठरतो. अध्यापनप्रधान शिक्षणक्रमाच्या बाबतीत मात्र अभ्यासक्रमाची आखणी, अध्यापन, परीक्षा व ठरावीक कालाने होणारा फेरआढावा या चारही अंगांचा विचार करावा लागतो.

भारतात या प्रश्नाचे स्वरूप संलग्नतेच्या पद्धतीमुळे घडले. 1857 मध्ये कलकत्ता, मुंबई व मद्रास येथे स्थापन झालेली विद्यापीठे लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर प्रामुख्याने परीक्षा घेणारी होती. अध्यापन महाविद्यालयाकडे व परीक्षा विद्यापीठाकडे, अशी विभागणी त्यामुळे रूढ झाली. नागपूर विद्यापीठातून 1 मे 1983 रोजी वेगळ्या झालेल्या अमरावती विद्यापीठातही (सध्याचे संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ) तीच चालू राहिली. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा व वाशिम हे जिल्हे या विद्यापीठाच्या अधिकारक्षेत्रात येतात. यवतमाळ जिल्ह्यातील बाभुळगावसारख्या तालुक्याच्या गावी संलग्न महाविद्यालयातून घेतलेली पदवी अमरावती शहरात घेतलेल्या पदवीच्या बरोबरीची मानली जाते. परंतु समान प्रश्नपत्रिका म्हणजे समान अध्यापन नव्हे. प्राध्यापकाची जागा रिक्त होती काय, प्रात्यक्षिके प्रत्यक्ष झाली काय, हे निकालाच्या टक्केवारीवरून कळत नाही. ती उणीव विद्यार्थ्याला पुढे नोकरीत किंवा उच्च शिक्षणात जाणवते.

अभ्यासक्रम आखण्याचे काम विद्यापीठातील अभ्यास मंडळे करतात व विद्यापरिषद शैक्षणिक दर्जावर देखरेख ठेवते. देशपातळीवर दर्जा राखण्याची जबाबदारी 1956 च्या अधिनियमाने विद्यापीठ अनुदान आयोगावर सोपविली. 1986 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर आयोगाने 1994 मध्ये बंगळूर येथे राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषद (नॅक) स्थापन केली. त्याच वर्षी अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने राष्ट्रीय अधिस्वीकृती मंडळ नेमले. पहिली यंत्रणा संपूर्ण संस्थेला श्रेणी देत आली आहे, तर दुसरी अभियांत्रिकीसारख्या एकेका शिक्षणक्रमास मान्यता देते. महाविद्यालयाची श्रेणी उच्च असली, तरी तेथील प्रत्येक विषयाचे अध्यापन त्याच तोडीचे असेल, असे त्यामुळे म्हणता येत नाही.

नॅकच्या 2017 मधील पद्धतीत कामाची ही विभागणी विचारात घेतलेली होती. एकूण 1,000 गुणांपैकी अभ्यासक्रमविषयक बाबींना विद्यापीठासाठी 150, तर संलग्न महाविद्यालयासाठी 100 गुण होते. अध्यापन, अध्ययन व मूल्यमापन यांना विद्यापीठासाठी 200, तर संलग्न महाविद्यालयासाठी 350 गुण होते. विद्यार्थ्यांच्या समाधानाची पाहणीही तीत समाविष्ट होती. श्रेणीऐवजी केवळ ‘अधिस्वीकृत’ किंवा ‘अनधिस्वीकृत’ अशी नोंद करण्याची योजना 2024 मध्ये जाहीर झाली.

बाह्य परीक्षण काही वर्षांतून एकदाच होते. त्यामुळे खरा भार संस्थेतील अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षावर पडतो. कक्षाने केवळ अहवाल भरून पाठविले, तर माहिती साठते, पण अध्यापन सुधारत नाही. विद्यार्थ्यांचे अभिप्राय, उत्तरपत्रिकांत वारंवार आढळणाऱ्या चुका आणि शिक्षकांच्या अडचणी अभ्यास मंडळापर्यंत पोहोचून अभ्यासक्रमात बदल झाला, तरच ही साखळी पूर्ण होते. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात 15 वर्षांत संलग्नता टप्प्याटप्प्याने संपविण्याचे उद्दिष्ट आहे. ते साध्य झाल्यास अभ्यासक्रम व परीक्षा यांची जबाबदारीही महाविद्यालयांवर येईल. लहान गावांतील महाविद्यालयांना ती पेलण्यासाठी पुरेसे शिक्षक व स्वतंत्र बाह्य परीक्षक यांची गरज भासेल. अन्यथा पदवीच्या समानतेचा आज असलेला औपचारिक आधारही उरणार नाही.