स्वपरिचय आणि प्रवेश : मोफत वाय-फायच्या एका अटीचा विचार

विमानतळ, उपाहारगृहे, रेल्वे-स्थानके अशा सार्वजनिक जागी जे मोफत वाय-फाय मिळते ते बहुधा कोणाच्या तरी खर्चाने मिळते, आणि जो खर्च करतो तो अट घालतो, ह्यात नवल नाही. २००९ सालच्या अखेरीस गूगलने अमेरिकेतील ४७ विमानतळांवर १५ जानेवारी २०१० पर्यंत असे वाय-फाय पुरविले. ते सर्वांना खुले होते. परंतु सर्वच देणग्या अशा नसतात. २०१३ साली ‘क्रोमबुक पिक्सेल’ हा लॅपटॉप विकत घेणारास विमानातील ‘गोगो’ ह्या इंटरनेट-सेवेचे बारा पास मिळत. त्यापूर्वी, २००८ साली, अमेरिकेतील स्टारबक्सच्या उपाहारगृहांमध्ये एटी अँड टी ही कंपनी आपल्या आयफोनधारक ग्राहकांना वाय-फाय मोफत देऊ लागली. शेजारच्या मेजावर साधा लॅपटॉप उघडून बसलेल्या माणसास त्याच लहरींसाठी पैसे मोजावे लागत. सवलत माणसाला नव्हे, तर त्याच्या हातातील यंत्राला किंवा त्या यंत्रातील प्रणालीला (म्हणजे विंडोज, मॅक, अँड्रॉइड, लिनक्स इत्यादींपैकी एकीला) दिली जाते, असा हा प्रकार आहे.

ह्या अटीच्या व्यापारी बाजूविषयी फारसे लिहिण्यासारखे नाही. जाहिरात करणारास आपला ग्राहक हवा असतो, एवढेच. अभ्यासकाच्या दृष्टीने कुतूहलाचा प्रश्न निराळा आहे. दारावर उभ्या असलेल्या व्यवस्थेला समोरचे यंत्र कोणते आहे हे कळते कसे? ह्याचे उत्तर असे की पुष्कळदा ते कळत नाही. यंत्र स्वतःविषयी जे सांगते त्यावर विश्वास ठेवला जातो. म्हणजे तंत्रज्ञानाचा म्हणून समोर येणारा हा प्रश्न मुळात विधानाचा, त्याच्या सत्यतेचा व त्याच्या परिणामाचा आहे.

प्रथम दाराची रचना पाहू. यंत्र वाय-फायशी जोडले गेले तरी बाहेरचे जाळे त्यास लगेच खुले होत नाही. वापरणाराने कोणतेही पान मागितले की ती मागणी वाटेतच अडविली जाते व त्याऐवजी प्रवेशाचे पान पुढे केले जाते. अटी मान्य केल्यावर यंत्राचा जाळ्यावरील पत्ता परवानगीच्या यादीत चढतो आणि दार उघडते. ह्या अडवलेल्या मागणीसोबतच ब्राउझर आपला परिचय देणारी एक ओळ पाठवीत असतो. ‘यूजर-एजंट’ ह्या नावाने ती ओळखली जाते. ब्राउझरचे नाव, त्याची आवृत्ती, प्रणालीचे नाव असे तिचे साधारण स्वरूप असते. मे १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एचटीटीपीच्या पहिल्या आवृत्तीच्या लेखात (टिम बर्नर्स-ली हे त्याच्या लेखकांपैकी एक होत) ह्या ओळीची प्रयोजने दिली आहेत : आकडेवारी गोळा करणे, नियमभंग शोधणे, आणि एखाद्या ब्राउझरच्या मर्यादा लक्षात घेऊन त्यास मानवेल असे उत्तर देणे. तिसरे प्रयोजन विशेष लक्षात ठेवण्याजोगे आहे. दुबळ्या ब्राउझरची गैरसोय टळावी म्हणून जी ओळ योजिली, तीच पुढे काहींना बाहेर ठेवण्याच्या कामी आली.

२००८ चे प्रकरण ह्या दृष्टीने उद्बोधक आहे. आयफोनधारकास दिसणाऱ्या पानावर केवळ त्याचा दूरध्वनी-क्रमांक मागितला जाई. आणि ते पान दाखवावे की नाही हे ठरे परिचयाच्या ओळीवरून. सफारी किंवा फायरफॉक्समध्ये ही ओळ बदलण्याची सोय आहे. थोड्याच दिवसांत लोकांच्या ध्यानी आले की लॅपटॉपवरील ब्राउझरास ‘मी आयफोन आहे’ असे बोलावयास लावले आणि एखाद्या आयफोनधारकाचा क्रमांक लिहिला की दार उघडते. सवलत मागे घेण्यात आली. त्याच वर्षी ती पुन्हा आली तेव्हा क्रमांक लिहिणे पुरेसे राहिले नाही; त्या क्रमांकावर लघुसंदेशाने दुवा पाठविला जाऊ लागला. पुढे १ जुलै २०१० पासून स्टारबक्सने अमेरिकेतील आपले वाय-फाय सर्वांनाच मोफत केले आणि हा वाद तेथपुरता संपला.

ह्या फसवणुकीस केवळ लबाडी म्हणून बाजूस सारता येत नाही, कारण परिचयाच्या ओळीचा सारा इतिहासच अशा विधानांनी बनलेला आहे. नेटस्केपच्या ब्राउझरचे कंपनीतील टोपणनाव ‘मोझिला’ असे होते. ‘मोझेइक’ ह्या आद्य ब्राउझरवर मात करणारा ‘गॉडझिला’ अशी त्यामागील कल्पना. हा ब्राउझर इतरांपेक्षा अधिक काही दाखवू शके. म्हणून संकेतस्थळे ओळीत ‘मोझिला’ हा शब्द शोधीत आणि तो आढळला तरच चांगले पान देत. १९९५ साली मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोररची दुसरी आवृत्ती आली ती स्वतःचा परिचय ‘मोझिला/१.२२ (कंपॅटिबल, एमएसआयई २.०, विंडोज ९५)’ असा देत. खरे नाव कंसात गेले, परके नाव आरंभी आले. २००३ साली आलेल्या सफारीच्या ओळीत ‘मोझिला’ तर होतेच, शिवाय ‘केएचटीएमएल, लाइक गेको’ असेही शब्द होते. २००८ मध्ये क्रोम अवतरला तेव्हा त्याने मोझिला, अ‍ॅपलवेबकिट, केएचटीएमएल, गेको व सफारी ही सर्व नावे आपल्या नावासोबत धारण केली. अलंकारशास्त्राच्या अभ्यासकास येथे क्षणभर थांबावेसे वाटेल. ‘लाइक’ हा ह्या ओळीतील उपमावाचक शब्द होय, आपल्याकडील ‘इव’ किंवा ‘सम’ ह्यांच्या जातीचा. आरंभीचे ‘मोझिला’ मात्र उपमेयास गिळून टाकणाऱ्या अतिशयोक्तीचे उदाहरण आहे. आज जवळजवळ प्रत्येक ब्राउझर ‘मोझिला/५.०’ ह्या शब्दाने बोलू लागतो. सर्वच जण ते म्हणतात, म्हणून त्याने कोणाचाच निर्देश होत नाही. विशेषनाम झिजून केवळ आरंभसूचक खूण उरावी ह्याचे इतके स्वच्छ आणि तारखावार उदाहरण मानवी भाषांतून सहसा मिळत नाही.

प्रणालीच्या नावांचीही अवस्था थोडीफार अशीच आहे. अँड्रॉइड लिनक्सच्या गाभ्यावर उभा आहे व त्याच्या ओळीत ‘लिनक्स, अँड्रॉइड’ असे दोन्ही शब्द येतात. ‘लिनक्स’ शब्द दिसताच नाकारणारा द्वारपाल अँड्रॉइडच्या फोनलाही परत पाठवील. २०१९ पासून आयपॅडवरील सफारी, वेगळी सूचना नसल्यास, आपण ‘मॅकिंटॉश’ असल्याचे सांगते. क्रोम विंडोज ११ वर चालत असला तरी ‘विंडोज एनटी १०.०’ असेच म्हणतो. वापरणाराचा माग काढणे अवघड व्हावे म्हणून ओळीतील तपशील हेतुपुरस्सर गोठविण्यात आला आहे. सवलतीची यादी करणारा समजतो की शब्द आणि वस्तू एकास एक जुळलेले आहेत. ते तसे नाहीत.

शब्दावर विसंबता येत नसेल तर उच्चारावर विसंबावे, हा उपाय पुरातन आहे. बायबलच्या ‘शास्ते’ ह्या पुस्तकातील बाराव्या अध्यायात यार्देन नदीच्या उतारावर एफ्राइमी लोकांना ‘शिब्बोलेथ’ म्हणावयास लावल्याची कथा आहे. ‘श’च्या जागी ‘स’ उच्चारणारा सापडे, आणि असे बेचाळीस हजार मारले गेले असे तेथे म्हटले आहे. मराठीच्या ‘ळ’कडूनही असे काम करवून घेता येईल. यंत्रांनाही अशी ढब असते. पाठविलेल्या प्रत्येक पाकिटावर त्याच्या आयुष्याची मर्यादा सांगणारा एक अंक असतो. विंडोज त्याचा आरंभ सामान्यतः १२८ पासून करते, तर लिनक्स व मॅक ६४ पासून. जाळ्यात शिरताना यंत्र पत्ता मागते तेव्हा सोबत कोणकोणती माहिती, कोणत्या क्रमाने मागावी ह्याबाबतही प्रत्येक प्रणालीची सवय वेगळी असते. दार बंद आहे की खुले हे अजमावण्यासाठी अ‍ॅपलची, गूगलची व मायक्रोसॉफ्टची यंत्रे आपापल्या ठराविक पत्त्यांवर विचारणा करतात. ओळ बदलली म्हणून ह्या सवयी बदलत नाहीत. अर्थात त्याही बदलता येतात. फक्त त्यास अधिक श्रम व ज्ञान लागते.

येथे खरा अन्याय दिसू लागतो. जाणकारास अडथळा नाही. अडथळा आहे तो खरे बोलणाऱ्या अजाणास. जुना लॅपटॉप टिकावा म्हणून ज्या विद्यार्थ्याने त्यावर लिनक्स घातले असेल, त्याचे यंत्र आपले नाव प्रामाणिकपणे सांगते आणि बाहेर राहते. त्याच्याविषयी कोणाचा आकस असतो असे नव्हे. यादी करणाराने चार नावे लिहिली आणि ‘इतर’ ह्या रकान्याकडे लक्ष दिले नाही, एवढेच घडलेले असते. सवलतीसाठी एखादे उपयोजन बसविण्याची अट असेल आणि ते दोनच प्रणालींसाठी तयार केलेले असेल, तर नकाराचा शब्दही उच्चारावा लागत नाही. व्याकरणकार ज्यास शून्य प्रत्यय म्हणतात त्याप्रमाणे येथे अभावच कार्य करतो, आणि ज्याची तक्रार करावी असे विधान कोठे लिहिलेलेच नसते.

भारतात ह्या प्रश्नाने वेगळे वळण घेतले. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने जे विनियम प्रसिद्ध केले त्यांनी मजकुराच्या आधारे इंटरनेटचे भेदभावपूर्ण दर आकारण्यास मनाई केली. भेदाचा निकष तेथे मजकूर हा आहे. मागणाऱ्याचे यंत्र हा नव्हे. त्याच वर्षीच्या जानेवारीत मुंबई सेंट्रल स्थानकापासून रेलटेल व गूगल ह्यांच्या मोफत वाय-फायला प्रारंभ झाला. जून २०१८ मध्ये दिब्रुगढ हे चारशेवे स्थानक जोडले गेले आणि २०२० मध्ये गूगलने अंग काढून घेण्याचे जाहीर केल्यावरही रेलटेलने स्थानकांवरील सेवा चालू ठेवली. ह्या दारावर कोणती प्रणाली वापरता असे कोणी विचारीत नाही. भारतीय मोबाइल क्रमांक विचारला जातो, व त्यावर आलेला एकवेळचा संकेतांक लिहावा लागतो. लिनक्सवाला विद्यार्थी येथे आत येतो. ज्याच्याजवळ फोन नाही तो, आणि परदेशी क्रमांक घेऊन आलेला प्रवासी, बाहेर राहतो. शिवाय ‘मी कोणते यंत्र आहे’ ह्या बदलता येणाऱ्या विधानाच्या जागी ‘मी कोण आहे’ हे बदलता न येणारे विधान आले आहे. पहिल्या विधानात खोटे बोलण्याची मुभा होती, आणि ती मुभा कित्येकांना खाजगीपणाचा शेवटचा आडोसा वाटत असे.