राणीचा मुकुट दिसला म्हणजे बॅज 1857 चा नव्हे

देवळाली कॅम्पात किंवा नाशिकच्या एखाद्या नाणे प्रदर्शनात जुना लष्करी कॅप बॅज हातात घ्या, विक्रेत्याचं वाक्य ठरलेलं असतं: "राणीचा मुकुट आहे साहेब, 1857 चा माल." पितळी बॅज, मध्ये तोफ, वर मुकुट, खाली लॅटिन अक्षरं. भाव चार आकडी, आणि घेणारा तो मोजतोही. हे वाक्य इतक्यांदा कानावर आलंय की आता ते एकदाचं खोडायलाच हवं.

एक तर 1857 साली अशा बॅजची पद्धतच नव्हती. तेव्हाच्या उंच शाको टोपीवर मोठी धातूची पाटी असे आणि साध्या टोपीवर फार तर पलटणीचा आकडा किंवा एखादं छोटं चिन्ह. आपण ज्याला कॅप बॅज म्हणतो, तो ब्रिटिश शिपायाच्या टोपीवर सर्रास आला 1890 च्या दशकात. माझ्यावर विश्वास ठेवू नका. आर्थर किपलिंग आणि ह्यू किंग यांचा ब्रिटिश शिरस्त्राण-बॅजवरचा दोन खंडांचा ग्रंथ उघडा. संग्राहकांमधले वाद आजही त्याच्या आधाराने मिटवले जातात.

दुसरं, राणी कोणती? व्हिक्टोरिया 1901 मध्ये वारली. त्यानंतर सातवा एडवर्ड, पाचवा जॉर्ज, आठवा एडवर्ड आणि सहावा जॉर्ज असे चार राजे झाले. मग 1952 मध्ये दुसरी एलिझाबेथ गादीवर आली. मुकुटाच्या कमानी नीट पाहा. राजांच्या काळातल्या कमानी सरळ वर चढून घुमटासारख्या गोल मिटतात, मध्ये खळगा नसतो. एलिझाबेथच्या मुकुटाच्या कमानी दोन्ही खांद्यांवर फुगून मधोमध खाली दबतात. व्हिक्टोरियाचा मुकुटही मध्ये दबलेलाच, पण बुटका आणि पसरट. या दोन दबलेल्या मुकुटांची सरमिसळ होते आणि 1953 नंतरचा बॅज शंभर वर्षं मागे ढकलला जातो.

आता एवढंच लक्षात घ्या. भारत 26 जानेवारी 1950 ला प्रजासत्ताक झाला. एलिझाबेथ राणी झाली त्याच्या दोन वर्षं नंतर. म्हणजे तिच्या मुकुटाचा बॅज भारतीय लष्कराने कधी घातलेला असणं शक्यच नाही. तो तोफेचा बॅज इंग्लंडच्या रॉयल आर्टिलरीचा, तोही स्वातंत्र्यानंतरचा. देवळालीच्या तोफखान्याशी, 1857 शी त्याचा काडीचा संबंध नाही. आपल्या तोफखान्याला 'रॉयल' हा किताब मिळाला 1945 मध्ये आणि प्रजासत्ताक झाल्यावर तो गेला. 'रॉयल इंडियन आर्टिलरी' असं लिहिलेला बॅज मिळाला तर तो या जेमतेम पाच वर्षांतला. सांभाळून ठेवण्यासारखी वस्तू ती आहे, आणि तिच्याकडे कुणी ढुंकून पाहत नाही!

घुमटाकार मुकुट दिसला म्हणूनही निर्धास्त होऊ नका. तिसऱ्या चार्ल्सने 2022 मध्ये तोच आकार परत आणला, त्यामुळे तसे बॅज पुन्हा नवे बनताहेत.

मुकुटापेक्षा आकडे जास्त खरं बोलतात. मराठा पलटणींचंच घ्या. 1903 मध्ये सरसेनापती किचनेरने फौजेचे क्रमांक बदलले आणि मुंबईकडच्या पलटणींच्या आकड्यांत शंभर मिळवले. तिसरीची 103 झाली, दहावीची 110. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातल्या कुट-अल-अमाराच्या 1915-16 च्या वेढ्यात अडकलेल्या मराठा पलटणी याच. पुढे 1922 मध्ये सगळ्यांची मिळून '5 वी मराठा लाइट इन्फंट्री' झाली. म्हणून मराठा पलटणीच्या बॅजवर बिगुलासोबत 103 दिसला तर तो नमुना 1903 ते 1922 मधला. साल ठरवायला मुकुटाची गरजही पडत नाही.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. "देवळालीत सापडला, म्हणजे ती पलटण इथे तैनात होती": नाही. देवळाली हा येण्याजाण्याचा तळ होता. मायदेशी निघालेले गोरे शिपाई बोटीची वाट पाहत इथे थांबत. "ओतीव म्हणजे नकली": इंग्लंडचे बॅज बहुधा ठसा मारून केलेले, त्यांच्या पाठीवर समोरच्या नक्षीचा उलटा खळगा दिसतो. ओतलेल्या बॅजची पाठ खरखरीत आणि बारीक छिद्रांची, त्यामुळे संशय रास्त आहे. पण दुसऱ्या महायुद्धात भारतातल्या कारागिरांनी फौजेसाठी ओतलेले बॅजही अस्सलच आहेत. "प्लॅस्टिकचा म्हणजे खेळण्यातला": धातू वाचवण्यासाठी त्याच युद्धात ब्रिटिश फौजेने प्लॅस्टिकचे बॅज वाटले होते. "घासून चकचकीत केला की भाव चढतो": उलट पडतो. शिपायाच्या रोजच्या घासण्याने उंच भाग मऊ झिजतात, तो त्याच्या नोकरीचा पुरावा असतो. तुमच्या पावडरीने तो कायमचा जातो. "बॅज घरात ठेवणं गुन्हा आहे": नाही. लष्करी असल्याचं भासवण्यासाठी तो मिरवणं गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम 168 वाचा. मात्र शंभर वर्षांहून जुनी वस्तू परदेशी गिऱ्हाइकाला पोस्टाने धाडायच्या आधी 1972 चा पुरावस्तू कायदा पाहा; पुरावस्तूंच्या खासगी निर्यातीला बंदी आहे.

एक गैरसमज मात्र जिवाला लागतो: "आजच्या बॅजशी जुळत नाही, म्हणजे खोटा." महार रेजिमेंट 1 ऑक्टोबर 1941 ला बेळगावात उभी राहिली. तिच्या पहिल्या बॅजवर कोरेगावचा विजयस्तंभ होता. 1946 मध्ये रेजिमेंट मशिनगनची झाली, तेव्हा त्या स्तंभावर दोन व्हिकर्स मशिनगन आडव्यातिडव्या आल्या. पुढे स्तंभाच्या जागी खंजीर आला आणि आज तोच दिसतो. आजोबांच्या ट्रंकेत नुसता स्तंभ आणि 'महार' हा शब्द असलेला बॅज निघाला तर तो सुरुवातीच्या त्या थोड्या वर्षांतला नमुना आहे. भंगाराच्या तराजूत टाकू नका. त्याच्यासोबत आजोबांचं नाव, शिपाई क्रमांक आणि बटालियन एका कागदावर लिहून ठेवा.