नेट बंद अन् कस्टमर केअर दाद देईना? तक्रार नंबर घ्या, अपील करा

सातारा/सांगली : पाटणच्या डोंगरातलं गाव असो की जतची वस्ती, नेट गेलं की पहिला फोन कस्टमर केअरला. ‘एक दाबा, दोन दाबा’ करण्यात वेळ जातो आणि शेवटी ‘तुमची तक्रार पुढं पाठवली आहे’ एवढंच ऐकू येतं. मग करायचं काय?

ट्रायच्या २०१२ च्या नियमांनुसार प्रत्येक तक्रारीला नंबर देणं कंपनीला बंधनकारक आहे. तो मागून घ्या, तारखेसह लिहून ठेवा. नंबर नसेल तर पुढं हातात पुरावा राहत नाही.

मुदतीत काम झालं नाही, तर ३० दिवसांत त्याच कंपनीच्या अपील विभागाकडं जाता येतं. त्याला पैसे लागत नाहीत. अपिलाचा निकाल ३९ दिवसांत द्यावा लागतो. ट्राय मात्र एकेका ग्राहकाची तक्रार स्वतः सोडवत नाही.

तरीही दाद मिळाली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा. शेवटचा मार्ग जिल्हा ग्राहक आयोगाचा. दूरसंचार कंपनीविरुद्ध तिथं जाता येतं, हे सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. कंपनीचं ऑफिस मुंबई-दिल्लीत असलं, तरी २०१९ च्या कायद्यानं ग्राहक राहतो त्याच जिल्ह्यात, म्हणजे सातारा किंवा सांगलीतच, तक्रार करता येते. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मुदत दोन वर्षं.

रिचार्जची पावती, मेसेज आणि तक्रार नंबर मात्र जपून ठेवा. तिथं तेच कामाला येतात.