तोंडी सांगू नका, अर्ज द्या

उर्दू शाळेतील पालकसभेत माता एक तक्रार नेहमी करतात. "सर, बोलता तो बहुत है, बस किताब खोलते ही रोने लगता है." त्यावर बहुतेक ठिकाणी ठरलेले उत्तर मिळते: सराव घ्या, सुधारेल. वर्ष जाते, दुसरे जाते. मग मुलाला 'कुंदज़ेहन' हे नाव चिकटते, आठवीनंतर तो गॅरेजवर दिसू लागतो आणि मुलगी असेल तर तिचे दप्तर गुपचूप माळ्यावर जाते.

यातील कित्येक मुलांची बुद्धी चांगली असते. कुणाला फळ्यावरचे दिसत नाही, कुणाला एका कानाने कमी ऐकू येते, तर कुणाला अक्षर आणि त्याचा उच्चार यांची सांगडच घालता येत नाही. या शेवटच्या अडचणीला विशिष्ट अध्ययन अक्षमता म्हणतात. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 मध्ये दिव्यांगत्वाचे जे 21 प्रकार आहेत, त्यांत तिचा समावेश आहे. अशी मुले लवकरात लवकर ओळखून योग्य उपाय करावेत, ही जबाबदारी याच कायद्याने शाळेवर टाकली आहे. तेव्हा तपासणी मागणारा पालक कुणाकडे मेहेरबानी मागत नाही.

मात्र ती मागणी कागदावर हवी. तोंडी सांगितलेले शिक्षक बदलले की विरून जाते. साध्या कोऱ्या कागदावर मुख्याध्यापकांच्या नावे अर्ज लिहावा. भाषा मराठी असो वा उर्दू, वाक्ये साधी असावीत. मुलाचे नाव, इयत्ता, जन्मतारीख, घरची भाषा आणि अडचण कधीपासून दिसते ते लिहावे. 'अभ्यासात कमजोर आहे' एवढे लिहून काही कळत नाही. 'तोंडी पाढे येतात, पण लिहिताना आकडे उलटे होतात', 'फळ्यावरच्या तीन ओळी उतरवायला पूर्ण तास लागतो' असे लिहावे. शेवटी स्पष्ट मागणी करावी की मुलाची शैक्षणिक तपासणी करून लेखी अहवाल द्यावा. अर्जाच्या दोन प्रती करून एकीवर तारखेसह पोच घ्यावी. पोच मागताना आपले लोक फार संकोचतात. तो संकोच सोडावा.

मकतबमधल्या उस्तादांनाही जरूर विचारावे. मूल नाज़िरा वाचताना अडखळते, पण ऐकलेली सूरह मात्र चटकन पाठ करते, असे ते सांगत असतील तर ही गोष्ट अर्जात हमखास घालावी. तपासणाऱ्याला त्यातून पुष्कळ कळते.

शाळेकडून हे प्रकरण गटसाधन केंद्राकडे, शहरात शहर साधन केंद्राकडे जाते. समग्र शिक्षा योजनेतील समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक तेथे असतात. शाळा टाळाटाळ करत असेल तर पोच असलेली प्रत घेऊन पालकांनी स्वतः तेथे जावे. दरम्यान डोळे आणि कान तपासून घ्यावेत. केवळ चष्मा लागल्याने प्रश्न सुटलेली मुलेही आम्ही पाहिली आहेत.

शासकीय प्रमाणपत्र हवे असल्यास केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून नेमून दिलेल्या सरकारी रुग्णालयात जावे लागते. अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र वयाच्या आठव्या वर्षाआधी सहसा देत नाहीत. त्याआधी शाळेने मदत करू नये, असा मात्र त्याचा अर्थ नाही. निर्णय मान्य नसेल तर अपिलाची तरतूदही कायद्यात आहे.

आपल्या मुलांच्या बाबतीत खरी मेख भाषेची आहे. बे, पे, ते, से या अक्षरांचा आकार एकच, फरक फक्त नुक़्त्यांचा. शब्दात आली की ती पुन्हा रूप बदलतात. उर्दू उजवीकडून लिहायची, मराठी आणि इंग्रजी डावीकडून. अशा मुलाला फक्त इंग्रजी उतारा देऊन निष्कर्ष काढला तर त्याला इंग्रजी येत नाही एवढेच सिद्ध होते. 'डाली' नावाची डिस्लेक्सियाची भारतीय चाचणी 2015 मध्ये आली ती हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत. त्या चार भाषांत उर्दू नव्हती. म्हणून मूल कोणत्या माध्यमात शिकते, हे अर्जात ठळक लिहावे, उर्दू वाचणारी व्यक्ती तपासणीला असावी अशी विनंती करावी आणि उर्दूच्या वह्या सोबत न्याव्यात.

'लग्न जमणार नाही', 'लोक वेडा म्हणतील' ही भीती आम्ही जाणतो. दुआ करावी, दम करून घ्यावे, पण रुग्णालयाची तारीख चुकवू नये. अब्दुल्लाह इब्ने उम्मे मक्तूम (रज़ि.) अंध होते. प्रेषितांनी (स.) त्यांच्यावर अज़ानची जबाबदारी सोपवली होती आणि स्वतः मोहिमेवर जाताना मदीनेचा कारभारही त्यांच्या हाती दिला होता. आपल्याकडे चष्म्याची लाज वाटते!

महाराष्ट्रात 1996 पासून अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना परीक्षेत सवलती मिळू लागल्या. जादा वेळ आणि लेखनिक या त्यांतल्या मुख्य. पुष्कळ पालक त्यासाठी थेट दहावीत, दिवाळीनंतर धावपळ करतात. रुग्णालयातील तारखा तोवर लांब गेलेल्या असतात आणि बोर्डाची मुदत जवळ आलेली असते. तिसरी-चौथीतच अर्ज दिला तर हाताशी वेळ राहतो. पोच, चाचण्यांचे अहवाल, जुन्या वह्या एका फाइलीत तारखेनुसार लावून ठेवाव्यात. शाळा बदलली तरी ती फाइल पालकांकडेच राहावी.