विश्लेषण : मेंदूलहरींचे चित्र… मनाचा आरसा की कलाकाराची कल्पना?

डोक्याला इलेक्ट्रोड लावून शांत बसायचे, की समोरच्या पडद्यावर रंग हलू लागतात. ‘हे तुमचेच मन’ असे सांगितले जाते. मेंदूतील विद्युतलहरींपासून घडणारी ही कला आत्मचिंतनाचे साधन म्हणून मांडली जाते. पण त्या रंगांत आपले नेमके काय असते?

लहरी टिपतात कशा?

जर्मन मनोविकारतज्ज्ञ हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूतील विद्युतलहरी प्रथम नोंदवल्या आणि १९२९ मध्ये ते संशोधन प्रसिद्ध केले. हीच आजची ईईजी चाचणी. डोक्याच्या त्वचेवर मिळणारा हा संदेश साधारण १० ते १०० मायक्रोव्होल्टचा, म्हणजे घड्याळातील दीड व्होल्टच्या सेलच्या १५ हजाराव्या भागाइतका किंवा त्याहूनही क्षीण असतो. सेकंदाला ८ ते १३ आवर्तने असलेल्या लहरी ‘अल्फा’, तर १३ ते ३० आवर्तनांच्या ‘बीटा’. डोळे मिटून स्वस्थ बसल्यावर अल्फा वाढतात.

चित्र कसे तयार होते?

संगणक या लहरी वेगळ्या करून प्रत्येकीला रंग आणि आकार देतो. जपानी कलाकार मारिको मोरी यांच्या ‘वेव्ह यूएफओ’मध्ये तीन प्रेक्षक एका बंदिस्त यानात आडवे होतात आणि त्यांच्या लहरी छतावर उमटतात. २००३ मध्ये ही कलाकृती न्यूयॉर्कमध्ये मांडली गेली. रेफिक अनादोल यांनी २०१८ मध्ये इस्तंबूलमध्ये सादर केलेल्या ‘मेल्टिंग मेमरीज’साठी आठवणी जागवताना टिपलेली ईईजी नोंद वापरली.

मग हे मनाचे चित्र आहे का?

अंशतःच. लहर आपली असते. तिचे रूप कलाकार ठरवतो. मोरी यांनी अल्फाला निळा रंग दिला. दुसरा कलाकार त्याच लहरीचा पाऊस करील, तिसरा वाळूच्या टेकड्या. ईईजीतून विचार वाचता येत नाहीत. शिवाय डोळे मिचकावले किंवा दात आवळले, तरी स्नायूंचे संदेश मेंदूच्या लहरींपेक्षा मोठे ठरतात. पडद्यावरचे ‘वादळ’ मनातले नसून पापण्यांचेही असू शकते.

आत्मचिंतनाला उपयोग किती?

गंमत अशी, की अल्फा सर्वाधिक सहजपणे वाढतात त्या डोळे मिटल्यावर. म्हणजे चित्र निवांत होते तेव्हा पाहणाराच ते पाहू शकत नाही. तरीही काही मिनिटे स्वस्थ बसून स्वतःतील बदलांकडे लक्ष देणे, हा लाभ खरा आहे. मात्र या चित्रावरून चिंता वा नैराश्याचे निदान करू नये.

ही विदा कोणाची?

चित्र विरते, नोंद उरू शकते. चिलीने २०२१ मध्ये राज्यघटनेत दुरुस्ती करून मेंदूविषयक माहितीला संरक्षण दिले. अमेरिकेत कोलोरॅडो आणि कॅलिफोर्निया यांनी २०२४ मध्ये तसे कायदे केले. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात अशा विदेचा वेगळा वर्ग नाही. त्यामुळे पट्टा डोक्याला बांधण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत : नोंद साठवली जाते का, ती कोणाकडे राहते आणि मागितल्यास पुसली जाते का? उत्तर समाधानकारक नसेल, तर डोळे मिटून बसायला यंत्र लागत नाही.