मन सावरले, शरीराचे काय?

स्किझोफ्रेनिया म्हणजेच छिन्नमनस्कतेच्या रुग्णाला औषध लागू पडले, भास थांबले, झोप परतली की घरची मंडळी सुटकेचा निःश्वास टाकतात. मात्र पुढील काही महिन्यांत रुग्णाचे पोट सुटते, कपडे घट्ट होतात. 'गोळ्यांनी सूज आली' या समजुतीने औषध परस्पर बंद केले जाते आणि आजार उलटतो.

ती सूज नसते, चरबी असते. ओलांझापिन व क्लोझापिन ही औषधे मेंदूतील हिस्टामिन व सेरोटोनिनचे कार्य अडवतात, त्यामुळे जेवूनही पोट भरल्याचे समाधान होत नाही. इन्सुलिनचा प्रभाव मंदावून रक्तातील साखर आणि ट्रायग्लिसराइड वाढू लागतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते गंभीर मानसिक आजार असलेल्यांचे आयुर्मान 10 ते 20 वर्षांनी कमी असते. यात मोठा वाटा हृदयविकारासारख्या शारीरिक आजारांचा आहे.

सारा दोष औषधांच्या माथी मारणेही योग्य नव्हे. निरुत्साह हे या आजाराचेच लक्षण. त्याला आळस म्हणणे अन्याय आहे. दर्यापूरसारख्या खारपाणपट्ट्यातील गावात एके काळी डवरणीला जाणारा तरुण आजारानंतर ओसरीवर बसून राहतो. 'त्याला त्रास नको' म्हणून घरचेच त्याला शेतावर नेत नाहीत. ही माया त्याला महागात पडते.

वास्तविक व्यायामाची परंपरा आपल्या दाराशी आहे. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 साली स्थापन झाले आणि 1936 मध्ये त्याच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके केली. तरीही मनोरुग्णाच्या चिठ्ठीवर व्यायाम क्वचितच लिहिला जातो! बंगळुरूच्या निम्हान्समधील 61 रुग्णांचा अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. औषधे चालू ठेवून चार महिने एका गटाने योगासने, तर दुसऱ्याने शारीरिक व्यायाम केला. दोन्ही गटांत लक्षणे कमी झाली, योगगटात अधिक.

केवळ व्यायामाने वजन फारसे उतरत नाही, हे आधीच सांगितलेले बरे. हृदयाची क्षमता वाढते, मन उभारी धरते. वजनासाठी आहारही आवरावा लागतो. आठवड्यातून 150 मिनिटे भरभर चालणे हे उद्दिष्ट ठेवावे, सुरुवात दहा मिनिटांनी चालेल. रुग्णाला 'जा' म्हणण्यापेक्षा कुणीतरी सोबत जावे. या औषधांमुळे शरीराची उष्णता सोसण्याची शक्ती घटते. म्हणून वऱ्हाडच्या उन्हाळ्यात सूर्योदयापूर्वीच चालावे, पाणी भरपूर प्यावे.

औषध सुरू करतानाच वजन, कमरेचा घेर, रक्तदाब, उपाशीपोटी साखर व रक्तातील चरबी तपासावी. तीन महिन्यांनी पुन्हा आणि नंतर दरवर्षी. पुरुषांत 90 व स्त्रियांत 80 सेंटिमीटरपेक्षा अधिक घेर ही धोक्याची खूण होय. अशा वेळी औषध बदलणे किंवा मेटफॉर्मिनची जोड देणे डॉक्टरांना शक्य असते. मानसोपचारतज्ज्ञ जवळ नसल्यास 2022 पासून सुरू असलेल्या टेलि-मानसच्या 14416 या क्रमांकावर मराठीतूनही सल्ला मिळतो.